गिरणगाव, कृष्णधवल

लालबाग-परळच्या गिरण्यांचे फोटो मी कुणाच्या सांगण्यावरून काढत नाही. लग्नांची कामं पोटासाठी, हे माझ्यासाठी. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. आता गिरण्यांच्या धुराच्या चिमण्यांशेजारी काचेचे टॉवर उभे आहेत. दोन्ही एका चौकटीत घेणं सोपं आहे, म्हणूनच मी ते टाळते. मला चाळींच्या आतलं हवं असतं. तिथे उजेड कमी, म्हणून इलफर्डची एचपी५ ही कृष्णधवल फिल्म तिच्या ४०० या वेगाऐवजी (वेग म्हणजे प्रकाशाला किती संवेदनशील) १६००ला धरते आणि डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनात, जास्त वेळ ठेवते. फोटोतला दाणा जाड येतो, सावल्या काळ्याकुट्ट होतात. मला तेच आवडतं.

प्रिंट्स फायबर पेपरवर, घरीच. तासभर वाहत्या पाण्यात धुवायच्या, सुकल्या की पापडासारख्या वळतात, मग वजनाखाली दाबायच्या.

प्रदर्शनात मुद्दाम ११ बाय १४ इंचाच्याच लावल्या. मोठ्या प्रिंटसमोर माणसं मागे सरकतात, लहान प्रिंटसाठी जवळ यावं लागतं. एक आजोबा इतके जवळ आले की चष्मा काचेला टेकला. "पोरी, हे आमचं साचाखातं. इथे उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून कळायचं." साचाखातं म्हणजे गिरणीतलं मागांचं खातं. मग पाऊण तास ते मला एकेक माग कुठे होता ते दाखवत राहिले. विक्रीपेक्षा मला हे मोलाचं वाटतं. त्यांच्या खोलीत फोटो काढायला पुढच्या रविवारी जाणार आहे.