आमची वाटचाल : सिंथ फुकटचा, ढोलकी खरी

कोल्हापुरातला आमचा स्टुडिओ भक्तिगीतं, लावण्या आणि दुकानांच्या जिंगल्सवर उभा राहिला. प्रत्येक गाण्याला सगळे वादक बोलवायचे तर गिऱ्हाइकाला परवडत नाही, म्हणून संगणकातली वाद्यं पहिल्यापासून सोबत आहेत. १९९९ मध्ये स्टाइनबर्ग या संगीत-सॉफ्टवेअर कंपनीने व्हीएसटीमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला बाहेरचे प्रोग्रॅम जोडायच्या तिच्या पद्धतीत, वाद्यांची सोय केली. आमच्यासारख्यांना हा धंदा करता येतो, तो त्या सोयीमुळे.

पैसा कशात घालायचा, यावर आमचं मत पक्कं आहे : सिंथवर (सिंथेसायझरवर) कमी, सॅम्पलवर (खऱ्या वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या स्वरांवर) जास्त. सिंथचा आवाज जागच्या जागी गणिताने तयार होतो आणि त्यातले काही उत्तम सिंथ फुकट मिळतात. सर्ज २०१८ पासून मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. व्हायटलच्या मोफत आवृत्तीत तयार आवाज कमी, पण इंजिन तेच. डेक्स्ड म्हणजे यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स७ या कीबोर्ड-सिंथचा संगणकी अवतार. आरतीतल्या घंटेचा आवाज आम्ही त्याच्यावरच घडवतो, कारण धातूचा तो किणकिणाट त्याच्या एफएम पद्धतीला (एका लहरीने दुसरीची कंप्रता हलवायची) फार छान जमतो.

बासरी, सारंगी, सतार यांचं तसं नाही. सॅम्पलमधला स्वर आधीच रेकॉर्ड झालेला, आणि आपल्या गाण्याचा जीव मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यात. पिच बेंड (वाजता स्वर वर-खाली ताणायची सोय) बहुधा दोनच अर्धस्वरांवर लावलेला असतो. सा ते प जायला सात लागतात. सिंथमध्ये तो बाराला लावला की काम झालं. पण सॅम्पलची बासरी तेवढी ताणली की फुंकरसुद्धा ताणली जाते आणि आवाज खोटा वाटतो. म्हणून मींड, गमक (स्वराचं जोरकस आंदोलन), कण (ओझरता लागणारा शेजारचा स्वर) वेगळे रेकॉर्ड केलेली लायब्ररीच, म्हणजे सॅम्पलचा संचच, आम्ही विकत घेतो. डेमोवर विश्वास ठेवत नाही, त्यात रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा परिणाम) भरपूर असतो. आधी रिव्हर्ब बंद, मग भैरवीतली एक ओळ संथ लयीत, गायकाच्या पट्टीत. काळी एकमध्ये गोड वाटणारी सारंगी पांढरी चारमध्ये किरकिरते, असंही होतं. एकच स्वर सलग वाजवून पाहतो. दर वेळी हुबेहूब तोच आवाज आला तर ती लायब्ररी नको.

ढोलकी मात्र आम्ही विकत घेतलीच नाही. डाव्या हाताचा घुमारा तळव्याच्या दाबाने वर चढतो, तो आम्हाला तयार लायब्ररीत मनासारखा सापडला नाही. आमच्या वादकाकडून एकेक बोल हलक्या, मध्यम आणि जोरकस हाताने वाजवून घेतला, बोलागणिक बरेच टेक ठेवले. पॅडवर वाजवताना बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलवर असतो (इथे सॅम्पल म्हणजे आवाजाचं एकेक माप). ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार मापं घेताना, तो पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत बसतो. ५१२ ला तो अकराच्या घरात जातो आणि ठेका हाताखालून सटकतो. मोठ्या लावणीला अजूनही वादकच बसतो, तिथे आमचं दुमत नाही.

सध्या संबळ रेकॉर्ड करतोय. गोंधळाच्या गाण्यांची कामं नवरात्राआधी येतात, तोवर तो तयार हवा.