नाताळचे नाटक, कॅमेरा आणि एक वाक्य

यंदा शाळेच्या नाताळच्या नाटकात माझ्या मुलीच्या वाट्याला सराईच्या मालकिणीची भूमिका आली. रंगमंचावर तिचे काम अगदी थोड्या वेळाचे होते आणि वाक्य एकच होते: "आमच्याकडे जागा नाही, पण मागे गोठा आहे." तिची तयारी करून घेताना मी लूकचे शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधले येशूचे चरित्र, पुन्हा वाचले, तेव्हा लक्षात आले की ही मालकीण मूळ कथेत नाहीच. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून मरीयेने बाळ येशूला गव्हाणीत ठेवले, एवढाच उल्लेख तिथे येतो; दार उघडणारे, नकार देणारे किंवा कंदील घेऊन गोठ्याची वाट दाखवणारे कोणीही त्यात नाही. बाळाला भेटी घेऊन आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, म्हणजे मागी, किती होते हेही दुसऱ्या शुभवर्तमानात मत्तय सांगत नाही. सोने, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून परंपरेने त्यांना तीन मानले. बैल आणि गाढव तर या दोन्ही शुभवर्तमानांतल्या जन्मकथेत येतच नाहीत. आपल्या धन्याची गव्हाण ओळखणाऱ्या जनावरांविषयी बायबलच्या जुन्या करारातील यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथात जे वचन आहे, त्याच्याशी जोडून ते पुढे या कथेत आले. शाळा हीच रीत पुढे चालवतात आणि वर्गात जितकी मुले असतील तितकी पात्रे कथेत सामावून घेतात. कोणी मेंढरू होते, कोणी तारा होतो, आणि एकही शब्द न बोलता हात पसरून उभ्या राहणाऱ्या ताऱ्याचे आईवडीलही तितक्याच उत्सुकतेने प्रेक्षकांत बसलेले असतात. मला ही प्रथा मनापासून आवडते.

या नाटकाच्या मुळाशीच पाहण्याची ओढ आहे. इ.स. १२२३ मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो या गावी नाताळच्या रात्री गवताने भरलेली गव्हाण मांडली, तिथे बैल आणि गाढव आणून उभे केले आणि लोकांना बोलावले. त्यांचे पहिले चरित्रकार, सेलानोचे थॉमस, यांनी नोंदवले आहे की त्या बाळाने सोसलेली गैरसोय आपल्या डोळ्यांनी पाहता यावी, ही त्यामागची इच्छा होती. आज शाळेच्या सभागृहात आपण तेच दृश्य पाहायला जातो तेव्हा डोळे आणि रंगमंच यांच्यामध्ये बहुतेक वेळ फोनचा पडदा उजळलेला असतो. म्हणून कॅमेरा घरीच ठेवावा, असे मात्र मला वाटत नाही. रंगमंचावरच्या मुलाला स्वतःचे नाटक कधीच दिसत नाही. आपण मालकीण म्हणून कसे दिसलो, कमरेच्या किल्ल्या कशा लटकत होत्या, हे माझ्या मुलीला छायाचित्रातूनच कळणार होते. ते तिला देणे हे माझे काम होते आणि ते मला नीट करायचे होते.

प्रश्न होता तो कॅमेरा केव्हा उचलायचा आणि केव्हा खाली ठेवायचा याचा. इथे मला दोन संशोधनांचा उपयोग झाला. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा २०१४ चा अभ्यास संग्रहालयातला आहे: ज्या वस्तूंचे लोकांनी छायाचित्र घेतले, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या, पण वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून छायाचित्र घेतले तेव्हा ही घट दिसली नाही. २०१७ मध्ये अलिक्सांड्रा बाराश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की माणूस स्वतःच्या मर्जीने, स्वतः निवडून छायाचित्रे घेतो तेव्हा पाहिलेल्या गोष्टी त्याला उलट अधिक चांगल्या आठवतात, मात्र त्याच वेळी कानावर पडलेले कमी लक्षात राहते. हे दुसरे निरीक्षण मला फार महत्त्वाचे वाटते. शाळेच्या नाटकात पालकाने खरोखर गमावण्यासारखे जे असते ते ऐकण्याचेच असते. वेषभूषा, मुकुट, पुठ्ठ्याचा तारा हे सारे छायाचित्रात टिकते. पहिला शब्द उच्चारण्याआधी मुलीने घेतलेला श्वास टिकत नाही. तेव्हा मी ठरवले की तिचा प्रवेश आणि तिची हालचाल टिपायची, पण ती बोलायला लागली की कॅमेरा मांडीवर ठेवायचा.

यातला बराचसा भार रंगीत तालमीने हलका केला. शिक्षकांची परवानगी मागितली तर अनेक शाळा पालकांना किंवा एखाद्या स्वयंसेवकाला तालमीत छायाचित्रे घेऊ देतात. तिथे कोणाची नजर अडत नाही आणि पुढे जाऊन गुडघ्यावर बसून मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवरून चित्र घेता येते. प्रयोगाच्या दिवशी उंच रंगमंचाखालून घेतलेल्या चित्रांत हनुवट्या आणि नाकपुड्याच पुढे येतात. प्रत्येक पालकाने आधी ही परवानगी विचारावी, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रयोगात खरी अडचण प्रकाशाची असते. सभागृह काळोखे, चेहऱ्यांवर झोताचा प्रखर दिवा आणि मागे काळा पडदा असा तो मामला असतो. कॅमेरा त्या काळोखाला भुलून संपूर्ण चित्र उजळ करू पाहतो आणि देवदूतांचे चेहरे पांढरे फटक होतात. त्यामुळे प्रकाशमापन चेहऱ्यावर करावे किंवा एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, एक पायरी खाली आणावे. फोनवरही चेहऱ्यावर बोट टेकवून ते कमी करता येते. मी लेन्सचे छिद्र एफ/२.८, शटरचा वेग १/२०० सेकंदाच्या आसपास आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ३२०० ठेवली होती. संवेदनशीलता वाढवल्याने चित्रात थोडे कण दिसले तरी चालतात, हललेला चेहरा मात्र पुढे सुधारता येत नाही. कॅमेऱ्याचा आवाज नको म्हणून अनेक जण मूक इलेक्ट्रॉनिक शटर वापरतात, पण लुकलुकणाऱ्या एलईडी दिव्यांखाली त्यात आडवे पट्टे उमटतात. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते तिथे असे दिवे सहसा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि शटर १/१०० वर आणले की पट्टे बरेचसे जातात. फ्लॅश मात्र पूर्ण बंदच हवा. लहान फ्लॅशचा उजेड काही मीटरच पोहोचतो, तो पुढच्या रांगेतली डोकी उजळवतो आणि आधीच धास्तावलेल्या मुलांचे डोळे दिपवतो. फोकससाठी पेटणारा छोटा दिवाही आठवणीने बंद करावा.

मी बाजूच्या वाटेलगत, टोकाच्या खुर्चीवर बसले होते, म्हणजे कोणाच्याही पुढे हात उंचावण्याची गरज नव्हती. योसेफाने पुठ्ठ्याच्या दारावर तीनदा थाप मारली. मुलीने दार उघडले तेव्हा डोक्यावरचा रुमाल एका भुवईवर घसरला होता आणि कंदील तिने दोन्ही हातांनी इतका घट्ट धरला होता की बोटांची टोके पांढरी दिसत होती. हे मी टिपले. मग कॅमेरा खाली ठेवला. "आमच्याकडे जागा नाही," एवढे बोलून ती थांबली. घरी आम्ही ते वाक्य शेकडो वेळा म्हटले होते आणि त्यात हा विराम कधीच नव्हता. तिने मरीयेकडे पाहिले, मग तिच्या पोटाशी बांधलेल्या उशीकडे पाहिले आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "पण मागे गोठा आहे." त्या बदललेल्या आवाजात तिला नकार दिल्याचे वाईट वाटत होते, आणि हे तिला कोणी शिकवलेले नव्हते. हा क्षण माझ्याकडे छायाचित्रात नाही. तो मला शब्दशः, स्वरासकट आठवतो आहे, आणि एखाद्या चांगल्या चित्राच्या बदल्यात मी तो दिला नसता.

त्यानंतर मात्र मी इतर मुलांची चित्रे भरपूर घेतली, कारण स्वतःच्या मुलाचे काम संपल्यावर पालकाचे मन स्थिर होते आणि नजरही मोकळी होते. मेंढपाळांच्या घोळक्यात एक मुलगा झोपेचा अभिनय करता करता खरोखरच पेंगला होता. शेजारच्या मुलाने त्याला न हलवता, देवदूत बोलू लागताच हळूच त्याचा हात हातात घेतला.

ही चित्रे मी कुठेही जाहीरपणे टाकलेली नाहीत आणि टाकणारही नाही. आपल्या मुलाचे चित्र सर्वांसमोर ठेवायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क आपल्याला आहे. शेजारी उभ्या असलेल्या मेंढराच्या बाबतीत तो त्याच्या आईवडिलांना आहे. काही कुटुंबांकडे मुलांचा चेहरा किंवा शाळा कोणाला कळू न देण्याची गंभीर कारणे असतात आणि ती त्यांनी आपल्याला सांगावीत अशी अपेक्षा करणे योग्य नाही. म्हणून प्रत्येक मुलाची चित्रे वेगळी काढून मी ज्याच्या त्याच्या पालकांना थेट पाठवते आहे. सर्वांत आधी पाठवली ती पेंगलेल्या मेंढपाळाची, कारण त्याच्या वडिलांना त्या दिवशी कामावरून सुट्टी मिळाली नव्हती. चित्रांसोबत मी त्यांना तो हात हातात घेण्याचा प्रसंगही सविस्तर लिहून कळवला आहे.