‘परफ्यूम’ या एका शब्दात अडकलेले सात आठवडे

शॅम्पू असो, क्रीम असो, मागच्या बाजूला घटकांची यादी असते आणि तिच्यात कुठेतरी ‘परफ्यूम’ किंवा ‘पार्फम’ असा शब्द असतो. बाकीचे घटक आपापल्या नावाने येतात. या एका शब्दाखाली मात्र कित्येक रसायनं एकत्र लपलेली असू शकतात. माझे सात आठवडे या शब्दाने खाल्ले. आजही तो दिसला की माझं डोकं तापतं.

सुरुवात पापण्यांपासून झाली. वरच्या पापण्या लाल आणि खरखरीत, सकाळी उठलं की सुजलेल्या. खाज इतकी की झोपेतही हात डोळ्यांकडे जायचा. डोळ्यांना मी काहीच लावत नव्हते, त्यामुळे कारण सापडेना. त्वचारोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, “पापणीची कातडी फार पातळ असते. डोक्याचा शॅम्पू, नखांचं पॉलिश, हाताचं क्रीम, कशाचाही त्रास तिथे आधी दिसू शकतो. वापरता ते सगळं पिशवीत भरून आणा.”

मग पॅच टेस्ट झाली, म्हणजे कातडीला कशाची ॲलर्जी आहे ते पाहण्याची तपासणी. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. संशयित द्रव्यं लावलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, दोन दिवस पाठ ओली करायची नाही, पट्ट्या काढल्यावर एकदा आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाठ तपासतात. त्याआधी पाठीवर स्टेरॉइडचं मलम लावलेलं नसावं, नाहीतर खरी ॲलर्जीही दबून जाते. माझ्या पाठीवर ‘फ्रॅग्रन्स मिक्स १’ची जागा लाल उठली. हे आठ सुगंधी द्रव्यांचं मिश्रण. नंतर आठही वेगवेगळी लावून पाहिली, तेव्हा दोनच दोषी निघाली: जिरॅनिऑल आणि हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल. ही दोन नावं मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतली.

मग अकरा बाटल्या आणि ट्यूबा मांडून बसले. अक्षरं इतकी बारीक की डोळे फोडून उपयोग नव्हता. मोबाईलने फोटो काढायचा आणि तो मोठा करून वाचायचा, हे जमल्यावर काम सरकलं. दोन ट्यूबांवर यादीच नव्हती. ती खोक्यावर छापलेली आणि खोकी मी कधीच फेकून दिलेली. तेव्हापासून वस्तू संपेपर्यंत खोकं जपून ठेवते. तुम्हीही ठेवा.

यादी वाचायची रीत एकदा कळली की सोपी आहे. जे सगळ्यात जास्त ते आधी, म्हणून बहुतेक ठिकाणी पहिलं नाव ‘ॲक्वा’, म्हणजे पाणी. एक टक्क्यापेक्षा कमी असलेले घटक मात्र कंपनी हव्या त्या क्रमाने लिहू शकते. ही रेषा कुठे आहे ते ओळखायला मला फिनॉक्सीइथेनॉल उपयोगी पडलं. वस्तू खराब होऊ नये म्हणून हे घालतात आणि युरोपियन युनियनमध्ये त्याची मर्यादा १ टक्का आहे. त्या नियमाने बनलेल्या वस्तूत त्याच्यानंतर जे येतं ते सगळं एक टक्का किंवा त्याहून कमी. पुढच्या बाजूला ज्या वनस्पतीचं मोठं चित्र होतं, तिचा अर्क माझ्या एका क्रीममध्ये फिनॉक्सीइथेनॉलच्याही खाली निघाला. आणि ‘अल्कोहोल’ शब्दाला घाबरून जाऊ नका. सिटाइल अल्कोहोल, सिटिअरिल अल्कोहोल ही मेणासारखी, क्रीमला दाटपणा देणारी द्रव्यं आहेत. कातडी कोरडी करतं ते ‘अल्कोहोल डिनॅट’.

अकरापैकी सात वस्तू त्याच संध्याकाळी बाजूला काढल्या. तीन निर्धोक होत्या. उरला एक शॅम्पू, आणि तिथे गाडी रुतली.

सुवास असलेलं सगळंच टाकून द्या, हा बाईंचा सल्ला बरोबरच होता. पण माझ्या टाळूला वर्षानुवर्षांच्या कोंड्यानंतर मानवलेला तो एकच शॅम्पू होता. नुसत्या संशयावर तो सोडायचा नव्हता. त्याच्या यादीत नुसतं ‘परफ्यूम’ होतं, पुढे काही नाही. बाटलीवर ग्राहक सेवेचा ईमेल होता. मी लिहिलं: मला ॲलर्जी आहे, तुमच्या सुगंधात काय काय आहे ते कळवा.

पहिलं उत्तर यंत्राने पाठवलेलं, तक्रार क्रमांकासह. आठ दिवसांनी दुसरं: “आमची सर्व उत्पादने त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली तपासलेली आहेत.” मी हे विचारलंच नव्हतं. पुन्हा लिहिलं. तिसरं उत्तर: “हे उत्पादन हायपोॲलर्जेनिक आहे.” म्हणजे ॲलर्जी होण्याची शक्यता कमी असलेलं. या शब्दाच्या मागे लागले तेव्हा कळलं की अमेरिकेत त्याला कायद्याची व्याख्याच नाही. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ मध्ये त्यासाठी नियम केला होता, कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये अपील कोर्टाने तो रद्द केला. चौथं उत्तर: “सुगंधाची रचना व्यावसायिक गुपित असल्याने देता येत नाही.” फोनही करून पाहिला. पलीकडच्या मुलीने मला दोनदा थांबवून ठेवलं आणि मग चौथ्या ईमेलमधलंच वाक्य वाचून दाखवलं. तिचा आवाज नम्र होता, तिच्यावर माझा राग नाही. राग आहे तो असा कागद तिच्या हातात देणाऱ्यांवर. रोज रात्री मी पापण्यांना मलम लावत होते आणि दोन नावं आहेत की नाहीत, एवढं सांगायला कोणी तयार नव्हतं.

पाचव्या आठवड्यात दोन गोष्टी सुचल्या. आधीच सुचायला हव्या होत्या, म्हणून तुम्हाला ठळकपणे सांगते.

पहिली गोष्ट: तोच शॅम्पू युरोपात विकला जातो का ते पाहा. तिथे २००५ पासून २६ सुगंधी घटक ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असतील तर नावानिशी छापावे लागतात. क्रीमसारख्या अंगावर राहणाऱ्या वस्तूत ०.००१ टक्का, धुऊन टाकायच्या वस्तूत ०.०१ टक्का. २०२३ च्या नव्या नियमाने ही यादी ८० च्या वर नेली आहे. कंपनीच्या तिथल्या संकेतस्थळावर त्याच नावाच्या, त्याच रंगाच्या बाटलीची यादी मिळाली. ‘परफ्यूम’च्या पुढे होतं: लिमोनिन, लिनालूल, जिरॅनिऑल. ते तिसरं नाव मी तीनदा वाचलं. पण देशागणिक कृती बदलू शकते, म्हणून एवढ्यावर निकाल लावता येत नव्हता.

दुसरी गोष्ट: रचना मागू नका, नाव मागा. नवा ईमेल चार ओळींचा लिहिला. बाटलीवरचा बॅच क्रमांक, पॅच टेस्टच्या अहवालाचा फोटो, युरोपातल्या यादीचा फोटो, आणि प्रश्न: “या बॅचमध्ये जिरॅनिऑल आहे का? हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल आहे का? हो किंवा नाही एवढंच कळवा. हा ईमेल कृपया उत्पादन सुरक्षितता विभागाकडे पाठवा.” मी सगळं मागत होते तोवर त्यांना गुपिताच्या मागे लपता येत होतं. दोन नावांच्या हो-नाहीत कसलं गुपित? बारा दिवस लागले, पण उत्तर आलं: जिरॅनिऑल आहे, हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल नाही. खाली एका माणसाची सही होती, तक्रार क्रमांक नव्हता. मला रडूच फुटलं.

शॅम्पू बंद केला. तीन आठवड्यांत पापण्या पूर्ववत झाल्या.

नवा शोधताना एक ठेच लागलीच असती, ती सांगायची राहिली. ‘अनसेंटेड’ (वास न येणारं) आणि ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ (सुगंधी द्रव्य न घातलेलं) एकच समजू नका. वास येऊ नये म्हणून मूळ वास झाकणारं सुगंधी द्रव्य ‘अनसेंटेड’ वस्तूत असू शकतं. नैसर्गिक तेलंही तपासा, कारण गुलाबाच्या तेलात जिरॅनिऑल असतंच. ते प्रयोगशाळेतून आलं की फुलातून, माझ्या पापणीला फरक पडत नाही.

आणि ओळखीची वस्तूही प्रत्येक वेळी वाचा, कृती न सांगता बदलतात. गेल्या महिन्यात नव्या शॅम्पूची दुसरी बाटली आणली, तर यादीत एक नाव वाढलेलं होतं. निरुपद्रवी निघालं, पण ते कळल्यावरच झाकण उघडलं.