तुम्ही विचारलंत म्हणून: वचन खरं, मग गेला का नाहीत?

अलिबागच्या इस्रायल आळीत आम्हा बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) बघायला येणारे विचारतात. इस्रायलमधल्या लोद, अश्दोदहून सुट्टीला आलेले आमचेच नातेवाईक विचारतात. चर्चला जाणाऱ्या मैत्रिणी तर बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचा चाळिसावा अध्याय म्हणून दाखवतात, "सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा", आणि मग विचारतात, देवानं तुम्हाला परत नेण्याचं वचन दिलं, 1948 साली इस्रायल देशही झाला, मग तुम्ही अजून इथे कशा?

वचन मी मानते, हे आधी लिहून ठेवते. राहिले म्हणजे विश्वास नाही, असं परस्पर ठरवून टाकतात त्याचा मला फार त्रास होतो. ते शब्द यरुशलेमहून बाबेलमध्ये बंदी करून नेलेल्या आमच्या पूर्वजांसाठी होते. इसवी सनापूर्वी 539 मध्ये कोरेश राजानं बाबेल जिंकलं आणि परतायची मोकळीक दिली. तरी कितीतरी जण तिथेच राहिले. एज्राच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे, शेजारपाजारच्यांनी निघणाऱ्यांच्या हाती सोनं-चांदी, गुरंढोरं दिली. पुढे कित्येक शतकांनी बाबेलचा तालमूद, आमचा मोठा धर्मग्रंथ, घडला तो या राहिलेल्यांच्याच मुलुखात. त्यांना वचनातून वगळलं होतं का? आणि जे गेले, त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांनी नव्या मंदिराचा पाया बघून हंबरडा फोडला. आनंदाचा आवाज कुठला आणि रडण्याचा कुठला, ते ओळखू येईना.

विशीत मला हे कुणी सांगितलं असतं तर मी उठून गेले असते. तेव्हा मला जायचंच होतं. बाबांशी भांडायचे. ते यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलमधल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र काढायचे: घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, ज्या नगरात आहात त्याचं भलं चिंता. आणि मागच्या नारळ-सुपारीच्या वाडीकडे हात करायचे. त्याच पत्रात थोडं पुढे, सत्तर वर्षांनी तुम्हाला परत आणीन, असंही आहे. बाबा त्याच्या आधीच थांबायचे. ते मला तेव्हाही दिसायचं, आजही दिसतं.

बाबा गेले ते ऐन पावसात, यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा उपास, आमच्यात ज्याला बिरड्याचा सण म्हणतात, तो होऊन गेल्यावर. गुरुवारी रात्री. शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत दफन व्हायला हवं होतं, नंतर शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, लागतो. कद्दिश, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात. गावातले आणि आसपासचे मिळून नऊ जमले. मुंबईहून निघालेल्या चुलतभावांची गाडी वडखळच्या अलीकडे पाण्यात अडकली. खड्डा खणला होता, त्यात पाणी भरत होतं, शेजारचे आगरी दादा डब्यानं उपसत होते. नाखवा आणि मोहल्ल्यातले चाचा खांदा देऊन कडेला उभे होते. दहावा म्हणून त्यांना मोजता येत नव्हतं, मला मुलगी असून मोजता येत नव्हतं. मी फाटकाकडे बघत होते. काकांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, आता थांबता येणार नाही." कद्दिशशिवाय बाबांवर माती पडली.

त्या क्षणी मला वाटलं, आपण गेलो असतो तर तिथे रस्त्यावरूनही दहा माणसं बोलावता आली असती. हे मी लपवत नाही.

चुलतभाऊ शब्बाथचे दिवे लावायच्या जरा आधी पोचले. शनिवारी सिनेगॉगमध्ये माणसं पुरी झाली, कद्दिश झाला. आणि उपासानंतरच्या त्या शनिवारचं वाचन ठरलेलंच असतं: "सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा." कालचा दहावा आज आला होता. मला सांत्वन मिळालं नाही, राग आला. घरी आले तर ओट्यावर नाखव्याच्या बायकोनं भाकऱ्या आणून ठेवल्या होत्या. माझ्या हातून स्वयंपाक झाला नसता हे तिनं ओळखलं होतं. ते सांत्वन त्या वचनातलंच होतं का? एखाद्या दिवशी हो वाटतं. भाऊ फोनवर "ताई, आता तरी ये" म्हणतो त्या दिवशी वाटत नाही.

तुम्ही पुन्हा विचाराल. जरूर विचारा. फक्त "अजून इथे अडकून का?" असं विचारू नका. अडकलेली नाही मी, राहिलेली आहे.