देव्हाऱ्यातला अमेरिकन शंख

सरकारी संग्रहालयातल्या वस्तूंचा मालक फायलीत असतो. आमच्याकडे तो खालच्या मजल्यावर राहतो आणि चारच्या चहाला वर येतो. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका जुन्या बंगल्यात, वरच्या तीन खोल्यांत, एका कुटुंबाचं खासगी संग्रहालय आहे. त्यातले शंख-शिंपले, कीटक, दगड, बरण्या आणि पेंढा भरलेले प्राणी, हा सगळा पसारा माझ्याकडे. पदाचं नाव क्युरेटर. घरातल्या काकू मात्र आल्यागेल्याला सांगतात, "ह्या आमच्या म्युझियमच्या ताई."

संग्रह जमवला मालकांच्या, म्हणजे अण्णांच्या वडिलांनी. नोकरी बंदरावरची, त्यामुळे रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला असा सगळा किनारा त्यांच्या पायाखालचा. शिंपला उचलला की वहीत गाव, तारीख, ओहोटीची वेळ आणि कोणी दिला असेल तर त्याचं नाव, सगळं शाईनं लिहिलेलं. त्या वह्या आहेत म्हणून मी इथे नोकरी धरली. नोंद नसलेला शिंपला दिवाणखान्यात शोभतो, अभ्यासाला त्याचा फारसा उपयोग नाही. पण वडिलांच्या मागे घरात जी भर पडली ती बहुतेक प्रेमापोटी: कन्याकुमारीच्या सहलीतून आणलेलं काही, कुणाच्या मुंजीत आलेलं काही. त्या वस्तूंबद्दल घरातल्या प्रत्येकाकडे एक गोष्ट आहे आणि वहीत एक ओळ नाही.

दक्षिणावर्ती शंख त्यातलाच. तो काकूंच्या देव्हाऱ्यात होता. अण्णांच्या मनात आलं, असा दुर्मीळ शंख दर्शनी कपाटात हवा, आणि मला लेबल लिहायला सांगितलं.

इथे थोडं थांबून सांगते, कारण हे बहुतेक घरांना लागू आहे. आपल्या पूजेतला शंख म्हणजे टर्बिनेला पायरम, दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावरचा, मन्नारच्या आखातातला विशेष प्रसिद्ध. प्राणिशास्त्रात शंख टोक वर करून धरतात. अशा वेळी नेहमीच्या शंखाचं तोंड उजवीकडे येतं. पूजेत तो उलटा, म्हणजे निमुळती पन्हळ वर करून धरतात, तेव्हा तेच तोंड डावीकडे जातं, म्हणून तो वामावर्ती. दक्षिणावर्ती म्हणजे शास्त्राच्या भाषेत डावखुरा. टर्बिनेलात असा डावखुरा जन्माला येणं अतिशय दुर्मीळ. मग बाजारात इतके दक्षिणावर्ती येतात कुठून? अमेरिकेतून. तिथल्या आग्नेय किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात लाइटनिंग व्हेल्क नावाची गोगलगाय असते, जी जातीनंच डावखुरी. टेक्सासनं 1987 मध्ये तिला आपला राज्य-शंख केलं, इतकी ती तिथे ओळखीची. कोवळ्या शंखावर तपकिरी विजेच्या रेघा असतात. मोठा झाला की त्या फिक्या होतात. घासूनपुसून पांढरा केला की झाला दक्षिणावर्ती.

ओळखायला यंत्र लागत नाही. तोंडातून आत बघा. खऱ्या शंखाच्या मधल्या खांबावर तीन-चार ठळक, आडव्या वळ्या असतात. व्हेल्कचा खांब गुळगुळीत. काकूंनी हात धुवून, नमस्कार करून शंख माझ्या हातात दिला, मी टॉर्च आत धरला, आणि आत सगळं गुळगुळीत.

लेबलात खोटं लिहिणार नाही हे ठरलेलंच होतं. प्रश्न होता अण्णांना कसं सांगायचं. ते ऐकून बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे आम्हाला कुणी फसवलं?" मी म्हटलं, विकणाऱ्यालाही ठाऊक नसेल. काकूंना मात्र काहीच वाटलं नाही. "अमेरिकेतला का? मग आमच्या सूनबाईंपेक्षा लांबून आलाय बिचारा. राहू दे देवापुढेच." शंख देव्हाऱ्यात परत गेला. कपाटात आता त्याचा फोटो आहे आणि शेजारी एक साधा, वामावर्ती, खराखुरा शंख, वळ्या दिसतील असा तिरका ठेवलेला. घरी जाऊन आपला शंख बघणारे पुष्कळ निघाले. पुढच्या रविवारी काहीजण थोडे रागावूनच परत येतात.

भांडण झालं ते शंखावरून नाही, कपाटावरून. अण्णांच्या वडिलांनी कुठल्याशा बोटीच्या लिलावातून एक ओकचं कपाट आणलं होतं, पितळी कड्यांचं, उतरत्या कप्प्यांचं. त्यात कवड्या. त्यांवर पिठीसाखर भुरभुरल्यासारखी पांढरी पूड दिसायला लागली. घरातल्यांच्या मते ती बुरशी, पावसाळ्यातली. ती बुरशी नव्हे. ओकच्या लाकडातून ऍसिटिक आम्लाची वाफ सुटत राहते, कपाट बंद असतं, हवा दमट असते. शंखातलं कॅल्शियम कार्बोनेट त्या आम्लाशी संयोग पावून क्षार तयार होतात, आणि कवडीची झिलई कायमची जाते. 1899 मध्ये बाईन नावाच्या इंग्रज शंखसंग्राहकानं यावर लिहिलं. त्याला वाटलं जंतूंमुळे होतं, म्हणून नाव पडलं बाईनचा रोग. जंतू यात नाहीत, रोगही नाही, तरी नाव तेच टिकलं. ठाण्यात जून ते सप्टेंबर हवेला जो ओलावा असतो त्यात असं कपाट म्हणजे कवड्यांचा काळच.

अण्णा म्हणाले, "बाबांचं कपाट आहे." मी म्हटलं, कवड्याही बाबांच्याच आहेत. दोन दिवस चहा खालीच झाला. शेवटी तोडगा दगडांनी काढला. अकीक आणि स्फटिक म्हणजे सिलिका, ऍसिटिक आम्लाला ते दाद देत नाहीत. दख्खनच्या बसाल्टच्या पोकळ्यांतले असे सुंदर दगड आमच्याकडे खोक्यांत पडून होते. ते ओकच्या कपाटात गेले, आणि कवड्या ऊर्ध्वपातित पाण्यानं धुऊन, नीट वाळवून, पावडर कोटिंगच्या स्टीलच्या खणांत सिलिका जेलसोबत. कपाट दिसतंही छान आता. हे मी अण्णांसमोर अजून कबूल केलेलं नाही.

बाकी रोजचं काम सांगण्यासारखं कमी. बरण्यांतलं अल्कोहोल उडतं, ते भरायचं. शेजारच्या दोन इमारतींचं रिडेव्हलपमेंट चालू आहे, त्याची धूळ पुसायची. फुलपाखरांच्या पेट्यांत म्युझियम बीटल या किड्याच्या केसाळ अळ्या शिरल्या की पेटी पिशवीत बंद करून उणे 20 अंशाला ठेवायची. वेगळ्या डीप फ्रीजरमध्ये. काकूंच्या फ्रीजमध्ये नाही. त्यावर एकदा सविस्तर चर्चा झालेली आहे.

रविवारी कुटुंबं येतात. मुलांना फ्लेमिंगो माहीत असतो. ठाणे खाडीचं अभयारण्य 2015 चं, 2022 मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, हे शाळेत कानावर पडलेलं असतं. मी त्यांना चिखलाकडे वळवते, कारण फ्लेमिंगोचं सगळं जेवण तिथलं. निवटी, म्हणजे चिखलात उड्या मारणारा मासा, तिच्या बरणीवर आधी नुसतं लॅटिन नाव होतं. चेंदणी कोळीवाड्यातल्या एक आजी नातवाला म्हणाल्या, "अरे, ही निवटी. रंग गेलाय हिचा." तेव्हापासून लेबलावर निवटी मोठ्या अक्षरांत, लॅटिन खाली.

लोक वस्तूही आणतात, आणि इथे मी कडक आहे. वास्तुदोषावर उपाय म्हणून फ्रेममध्ये घातलेलं 'इंद्रजाल' ही कुठली वनस्पती नव्हे, समुद्रातलं काळं पोवळं किंवा सी-फॅन हा पंख्यासारखा प्रवाळ असतो. 'हत्ताजोडी' हे मूळ नसून घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय. दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीतले. दान म्हणूनही मी घेत नाही, वन विभागाकडे जायला सांगते.

त्याच कायद्यामुळे अण्णांशी सध्या एक विषय चालू आहे. जिन्यावरच्या बिबट्याच्या मुंडक्याचं मालकी प्रमाणपत्र आहे, ते मुंडकं विकता येत नाही, आणि वारसाकडे गेलं की त्यानं 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावं लागतं. नातू पुण्यात असतो, त्याला यातलं काही माहीत नाही. म्हणून घरच्यांसाठी एक पानी टिपण मी तयार केलं. अण्णांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. मजकूर मान्य आहे, पण 'माझ्या पश्चात' हे दोन शब्द त्यांना नको आहेत. दुसरे कुठले घालायचे ते अजून ठरत नाहीये.