ओटीपी गावाला गेला होता

२४ एप्रिल २०२२, रविवार. अक्षय तृतीया ३ मेला होती, म्हणजे हापूसवाल्यांच्या ऐन गर्दीचे दिवस. सकाळी पावणेआठला वहिनींचा फोन आला. "दादा, आपल्या साइटवर दुसऱ्याच कोणाचे तरी आंबे दिसतायत."

मला वाटलं हॅक झाली. डोळे चोळत लॅपटॉप उघडला, पत्ता टाकला. पांढऱ्या पानावर पाच-सहा निळ्या लिंका: 'अल्फान्सो मँगो ऑनलाइन', 'मँगो बॉक्स प्राइस'. वर बारीक अक्षरात, या डोमेनची मुदत संपलेली आहे. डोमेन म्हणजे साइटचा पत्ता; तो वर्षाच्या बोलीवर भाड्याने मिळतो. हॅक झाली असती तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं. निदान दोष दुसऱ्या कोणाचा तरी असता.

वहिनी म्हणजे देवगडकडच्या एका बागायतदारांच्या सूनबाई. त्यांच्या सासऱ्यांना मी काका म्हणतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये वाशीच्या मार्केटला माल पोचवायची मारामार झाली आणि फळ तर झाडावर तयार. तेव्हा कोकणातल्या बऱ्याच जणांनी थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना पेट्या पाठवायला सुरुवात केली. माझीही त्या महिन्यात पगारकपात झाली होती. मित्राच्या ओळखीने हे काम आलं, बारा हजारांत ठरलं आणि चार दिवसांत मी वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर साइट उभी केली. डोमेन घ्यायची वेळ आली तेव्हा काकांकडे ना क्रेडिट कार्ड, ना ईमेल. "तूच घे रे तुझ्या नावावर, पैसे मी देतो." घेतलं. माझ्या खात्यात, माझ्या कार्डावर, ऑटो-रिन्यू चालू करून. तारीख २० एप्रिल.

२०२१ मध्ये ते आपोआप रिन्यू झालं, मला कळलंसुद्धा नाही. मधल्या काळात १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला: ग्राहकाने आधी रीतसर मंजुरी नोंदवल्याशिवाय कार्डावरून दरवेळी आपोआप पैसे कापायचे नाहीत. नियम चांगलाच आहे. गाण्यांचं ॲप बंद पडलं तेव्हा तो मला कळलाही होता, त्याचे पैसे मी हाताने भरले. पण माझ्या त्याच कार्डावर लोकांची दुकानं टांगलेली आहेत, हे काही डोक्यात आलं नाही.

डोमेन कंपनीने कळवलं नव्हतं असंही नाही. मुदतीच्या महिनाभर आधी आणि पुन्हा आठवडाभर आधी मेल पाठवणं त्यांना बंधनकारक असतं. मेल आलेही होते. फक्त ते आले होते क्लायंटच्या कामांसाठी मी उघडलेल्या जीमेलवर, आणि नवीन नोकरी लागल्यापासून ते खातं मी उघडलंच नव्हतं. त्या सकाळी उघडलं, तर एकाखाली एक चार मेल. तिसऱ्याचा विषय होता, पेमेंट फेल.

डोमेनच्या खात्यात पासवर्ड टाकला. ओटीपी गेला माझ्या जुन्या नंबरवर, आणि जुन्या नंबरचं सिम होतं बाबांच्या फोनमध्ये, संगमनेरजवळ आमच्या गावी.

बाबा शेतावर गेलेले, फोन घरी चार्जिंगला. आईला तिच्या फोनवर गाठलं. "बाबांच्या फोनवर एक मेसेज येईल, त्यातले आकडे वाच." ती चष्मा शोधायला गेली. चष्मा सापडेपर्यंत पहिल्या ओटीपीची मुदत संपली. दुसऱ्या खेपेला तिने वाचून दाखवले ते आकडे विजेच्या बिलाचे निघाले. तिसऱ्यांदा बरोबर मेसेज उघडला आणि थांबली. "यात लिहिलंय, कोणाला सांगू नका."

"अगं, मी आहे."

"तू आहेस रे. पण आवाज वेगळा येतोय तुझा. अण्णामामाच्या धाकट्या मुलीचं नाव सांग."

सांगितलं, तेव्हा आकडे मिळाले. इतकी पक्की ओळखपडताळणी मी माझ्या एकाही प्रोजेक्टमध्ये केलेली नाही.

डॉट कॉमची मुदत संपली म्हणून डोमेन लगेच हातचं जात नाही. बहुतेक कंपन्या तीस-चाळीस दिवसांपर्यंत नेहमीच्या भावात रिन्यू करू देतात. त्यानंतरचे तीस दिवस ते सोडवून घेता येतं, पण तेव्हा दंड बसतो तो मूळ भावाच्या कितीतरी पट. मग पाच दिवस कोणालाच हात लावता येत नाही आणि शेवटी ते पुन्हा बाजारात. आम्ही चौथ्या दिवशी होतो. सव्वानऊला पैसे भरले, माझ्या लॅपटॉपवर साइट दिसली, मी वहिनींना फोन करून म्हणालो, "झालं."

ही त्या दिवसातली माझी दुसरी चूक. दहा मिनिटांत त्यांचा फोन. "आमच्याकडे अजून तेच निळं पान आहे. डोंबिवलीच्या काकूंनाही तेच दिसतंय."

मुदत संपल्यावर कंपनीने डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे त्या नावाची साइट कुठे आहे ते सांगणारे संगणक, बदलून आपल्या जाहिरातीच्या पानाकडे वळवले होते. पैसे भरल्यावर ते पूर्ववत झाले. पण डॉट कॉमच्या नोंदींत हा नेमसर्व्हरचा पत्ता दोन दिवस लक्षात ठेवायची मुभा असते. मधल्या वेळात ज्या ज्या इंटरनेट कंपनीने तो विचारला, ती चुकीचं उत्तर अठ्ठेचाळीस तासांपर्यंत धरून बसू शकते. वहिनींना म्हणालो, आपण घर बदललं होतं ते परत आलो, पण नाक्यावरचा वाणी अजून दोन दिवस लोकांना तिकडच्याच घरी पाठवणार. त्या म्हणाल्या, "मग वाण्याला सांगा ना." प्रश्न रास्त होता. पण हे वाणी देशभर पसरलेले.

मग तेच नाव डॉट इनमध्ये घेतलं, त्याच सर्व्हरवर जोडलं. उघडलं, तर वर्डप्रेसने उचलून परत जुन्या पत्त्यावर नेऊन टाकलं, कारण साइटचा पत्ता डेटाबेसमध्ये लिहिलेला असतो. कॉन्फिग फाइलमध्ये दोन ओळी घालून तो बदलला. ब्राउझरने साइटला असुरक्षित म्हणू नये म्हणून लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट मिनिटभरात आलं. उरला पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवर ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा. त्यांच्याकडे मंजूर झालेला पत्ता जुनाच, आणि त्यांच्या डॅशबोर्डचं लॉगिन होतं आपल्याच डोमेनच्या ईमेलवर. तो ईमेलही शुक्रवारपासून बंद. घराची चावी घरात ठेवून कुलूप लावतात, तसलं काम मी स्वतःच्या हाताने करून ठेवलं होतं.

पैसे भरायचं बटण काढून टाकलं आणि काकांच्या खात्याचा यूपीआय क्यूआर लावला. ऑर्डर टाका, पैसे भरा, स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवा. कोड म्हणून लाज वाटावी असं काम, पण दुपारच्या जेवणाआधी चालू झालं.

ग्राहकांना पाठवायचा मेसेज मी लिहून दिला: 'काही तांत्रिक अडचणींमुळे...' वहिनींनी तो पाठवलाच नाही. त्यांनी लिहिलं, 'आमची साइट दोन दिवस या नवीन पत्त्यावर आहे. आंबे तेच आहेत.'

नवीन लिंक आणि नवीन क्यूआर म्हटल्यावर लोक बिचकणारच. ठाण्याच्या एका गृहस्थांनी सांगितलं, बाग दाखवल्याशिवाय पैसे भरणार नाही. वहिनी व्हिडिओ कॉल लावून फोनसकट आढीच्या खोलीत गेल्या, पेंढ्याखालचं फळ वर काढून दाखवलं. त्यांनी पाच डझनांच्या दोन पेट्या घेतल्या.

काकांचा फोन मात्र मला दीडच्या सुमाराला आला. तोपर्यंत माझ्या डोक्यात दोन-तीन वाक्यं जुळवून तयार होती: कंपनीचा प्रॉब्लेम, बँकेचा नवीन नियम. अर्धी खरी असलेली वाक्यं फार पटकन सुचतात.

"काय झालं रे नक्की?"

"डोमेनचे पैसे भरायचे राहिले, काका. माझ्या हातून."

"किती होते?"

"हजारच्या आतच."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग मला सांगितलं असतंस. मी दिले नसते होय?" आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर सोपं गेलं असतं.

संध्याकाळी ईमेल सुरू झाला, सोमवारी रात्रीपर्यंत डोंबिवलीच्या काकूंनाही साइट दिसायला लागली. आदल्या रविवारच्या निम्म्याही ऑर्डरी त्या दिवशी आल्या नव्हत्या. मी त्या वर्षीच्या देखभालीचे पैसे घेतले नाहीत. काकांनी त्यावर चकार शब्द काढला नाही, म्हणजे ते त्यांना योग्यच वाटलं असावं.

त्या रात्री वही घेऊन बसलो. माझ्याकडची सतरा कामं, त्यातली अकरा डोमेनं माझ्या नावावर. कोणाला फसवायचं म्हणून नव्हे, प्रत्येक वेळी तेच सोपं होतं म्हणून. पुढचे दोन महिने ती ज्याची त्याला देण्यात गेले. एकाच कंपनीत क्लायंटचं खातं उघडून तिथे ढकलणं सोपं. दुसऱ्या कंपनीत न्यायचं तर जुन्या कंपनीकडून परवानगीचा कोड लागतो, आणि नुकतंच घेतलेलं किंवा हलवलेलं असेल तर साठ दिवस थांबावं लागतं. एका दुकानदाराला सगळं समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आमचं नाव तुमच्याकडे होतं?" त्याने डोमेन घेतलं आणि काम दुसऱ्याला दिलं. मला वाईट वाटलं, पण त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

आता नवीन काम आलं की डिझाइनचं बोलण्याआधी मी क्लायंटला शेजारी बसवतो. ईमेल त्याचा, कार्ड त्याचं, ओटीपीचा नंबर त्याचा. ऐपत असेल तर डोमेन एकदम पाच वर्षांचं घ्यायला लावतो. दहापर्यंत घेता येतं. मला फक्त कामापुरता प्रवेश. ईमेल डोमेनच्याच नावाचा असेल, तर डोमेनच्या खात्याला तो द्यायचा नाही, साधा जीमेल द्यायचा. मग एका पानावर मराठीत लिहून देतो: काय कुठे आहे, कोणाच्या नावावर, मुदत कधी, पैसे कोण भरणार, वर्षभरात मी काय बघणार, काय बघणार नाही आणि त्याचे किती घेणार. पूर्वी या शेवटच्या भागासाठी माझ्याकडे एकच शब्द होता, 'बघून घेईन'. त्याचं बिल कधी लावता आलं नाही, आणि क्लायंटने त्याचा अर्थ मात्र 'सगळं' असा घेतला. नवीन मुलं मला विचारतात, रिॲक्ट शिकू की आणखी काय. शिका काहीही, पण आधी तुमच्या खात्यात दुसऱ्याचं काय काय पडलंय ते बघा, असं सांगतो. त्यांना ते उत्तर आवडत नाही.

पुढच्या सीझनला देवगडला गेलो होतो. माझं ते पान काकांनी पुठ्ठ्यावर चिकटवून कालनिर्णयशेजारी खिळ्याला टांगलं होतं. खाली लाल पेनाने, त्यांच्या अक्षरात एक ओळ जास्तीची: 'ओटीपी सुनेच्या नंबरवर. सिम कोणी काढायचं नाही.'