तीर्थनला ट्राउटसाठी जाताय? मग सैंजही बघून या

हिमाचलात थंड पाण्यातल्या ट्राउट माशासाठी गळ टाकायला कुठे जावं असं कुणी विचारलं की मी तीर्थनचं नाव सांगतो. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून उतरणारी ही नदी गुशैनी, नागिनी, बंजार करत लारजीला सैंज नदीला मिळते आणि लगेच बियासमध्ये जाते. लारजीपर्यंत तिच्या वाटेत धरण नाही, शेजारच्या सैंजवर मात्र आहे. कुल्लू जिल्ह्यात असं सांगता येण्यासारख्या नद्या आता फार उरलेल्या नाहीत.

यंदा आम्ही ऑक्टोबरात गेलो. पावसाळ्याचा गढूळपणा ओसरलेला असतो, तळातला एकेक गोटा दिसतो. दुपारी उन्हात पाणी हिरवट चमकतं, पण पाय घातला की हाडापर्यंत थंडी जाते. नागिनीच्या खाली एका मोठ्या खडकाआड शांत डोह आहे. तिथे छोटा स्पिनर (पाण्यात फिरणारं चकचकीत आमिष) प्रवाहाला तिरपा टाकून हळू ओढला आणि ब्राउन ट्राउट लागली. पाठ तपकिरी, कुशीला लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. पोट अंड्यांनी ताणलेलं होतं. हात ओले करून पाण्यातच हुक काढला आणि सोडून दिली.

त्या अंड्यांमुळेच हा सगळा वीजप्रकल्पांचा विषय इथे लिहितोय. ब्राउन ट्राउट थंडीत अंडी घालते, तीही वाहत्या पाण्यातल्या बारीक गोट्यांत. गोट्यांच्या फटींतून ताजं पाणी खेळत राहिलं तरच ती जगतात. म्हणून १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते. नेमकं याच महिन्यांत वर बर्फ गोठतो आणि नदी सगळ्यात बारीक होते. जलविद्युत प्रकल्प नदी अडवून पाणी बोगद्यात घालतो आणि काही किलोमीटर खाली जनित्रांवर सोडतो. मधल्या पट्ट्यात काय उरतं? हिमाचलातला नियम कोरड्या हंगामातल्या प्रवाहाच्या १५ टक्के पाणी सोडायला सांगतो. कागदावर नदी जिवंत असते, पण अंडी घालायच्या जागा उघड्या पडलेल्या असतात. शिवाय बोगदा खणताना निघालेला राडारोडा काठावर टाकला, की पहिल्याच पावसात तो खाली येऊन गोट्यांच्या फटी बुजवतो. गळवाल्यांची काळजी आहे ती ही. नुसती भिंत दिसायला वाईट म्हणून कुणी ओरडत नाही.

तीर्थनवरही हे होणार होतं. नऊ छोट्या प्रकल्पांचा घाट घातला गेला होता. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि खोऱ्यातले गावकरी उभे राहिले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि नदी वाचली. ‘छोटा प्रकल्प’ ऐकून निर्धास्त होऊ नका. केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार २५ मेगावॉटच्या खालच्या जलविद्युत प्रकल्पाला पर्यावरण परिणाम मूल्यांकन लागतच नाही. खासगी कंपन्या डोंगरातल्या ओढ्यानाल्यांवर येतात त्या बहुतेक याच आकाराचे प्रकल्प घेऊन, आणि एकाच नदीवर असे चारपाच ओळीने बसले तरी त्यांचा एकत्रित हिशेब होईलच असं नाही.

आपल्याला हे नवं नाही. मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याला नेऊन वीज करायची म्हणून टाटा कंपनीने धरण बांधायला घेतलं, तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर मावळे शेतात बसले होते. मुळशी बुडाली. तीर्थनची माणसं जिंकली, म्हणून मला त्यांचं फार अप्रूप वाटतं.

आता सैंजबद्दल. लारजीहून एक फाटा सैंज खोऱ्यात जातो. अर्धा दिवस काढा आणि जाच. पार्वती टप्पा ३ हा ५२० मेगावॉटचा प्रकल्प इथे आहे. तो सरकारी कंपनीचा आहे, पण माशाला मालक कोण याने काय फरक पडतो? सिउंडच्या धरणाखाली आम्ही पुलावर उभे राहिलो तर खाली पांढरे धोंडे, त्यांच्यावर वाळलेल्या शेवाळाचे पापुद्रे आणि कडेने सरकणारा एक ओहोळ. तीर्थनइतकीच ही हिमालयातली नदी, एका डोंगराच्या पलीकडची. वीज नको असं मी म्हणत नाही, हॉटेलात गीझर मीही लावतो. पण खोऱ्यातली एक तरी नदी मोकळी ठेवायची असते, आणि ती ठेवलेली आहे तर तिला हात लावू नये.

जाणाऱ्यांसाठी: दिल्ली किंवा चंदीगडहून मनालीच्या बसने औटला उतरा. बोगद्याच्या अलीकडून बंजारचा रस्ता फुटतो, म्हणून कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. पुढे लोकल बस किंवा टॅक्सी. रोख पैसे बंजारमध्येच काढा, गुशैनीच्या पुढे भरवसा नाही. मार्च ते जून आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ चांगला. जुलै-ऑगस्टला दरडी आणि पूर, तेव्हा जाऊच नका. मत्स्य विभागाचा परवाना काढल्याशिवाय गळ टाकू नका. होमस्टेवाले मदत करतात, पण पावती आपल्या नावाची हातात घ्या. परवान्याचा पैसा आणि होमस्टेचं भाडं हाच या नदीच्या बाजूने दाखवता येणारा रोकडा हिशेब आहे. हलका रॉड, लहान स्पिनर आणि टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट केलेले एकेरी हुक पुरेत. बूट चांगल्या पकडीचे हवेत, इथले गोटे साबणासारखे आहेत.

ट्राउट इंग्रजांनी १९०९ च्या सुमारास कुल्लूत आणली. स्नो ट्राउट मात्र इथलीच. ती लागली तर सोडाच.

आणि एक अगदी कळकळीने सांगतो. लारजीच्या खाली बियासच्या पात्रात फोटोसाठीसुद्धा उतरू नका. ८ जून २०१४ ला लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ विद्यार्थी थलौटजवळ वाहून गेले. सैंजमध्येही तेच. पात्र कोरडं दिसलं तरी वर धरण आहे, भोंगा ऐकू येईलच असं धरून चालू नका. पाणी गढूळ झालं किंवा घोट्यावरून वर चढू लागलं की सामान तिथेच टाका आणि काठ गाठा.